निरंक, पण उशिरा

शिरवळच्या नाहीतर खेड शिवापूरच्या कंपनीत निवड झाली, की वेल्ह्याकडच्या विंझरच्या पोराच्या हातात कागदपत्रांची यादी पडते. आधार, पॅन, मार्कशीट, बँकेचं पासबुक, चार फोटो आणि सगळ्यात खाली चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. वरचं सगळं घरातल्या पत्र्याच्या पेटीत नाहीतर कॉलेजच्या ऑफिसात सापडतं. खालचा कागद तेवढा पोलिसांकडून यायचा असतो आणि तो कधी येणार हे कुणी सांगत नाही. रुजू व्हायची तारीख मात्र कंपनीने ठळक अक्षरांत कळवलेली असते.

अर्ज आता ऑनलाइन झाला. म्हणजे पूर्वी ठाण्याच्या बाकावर बसून वाट बघायची ती आता घरी बसून मोबाइलवर बघायची, एवढा फरक पडला. अर्ज पुण्यात पाषाणला असलेलं ग्रामीण अधीक्षकांचं कार्यालय आणि इकडचं ठाणं यांच्यात वर-खाली होतो. ठाण्यात तो कुठल्यातरी बीट अंमलदाराच्या वाट्याला येतो. अंमलदार काय करतो? गावच्या पोलिस पाटलांना फोन लावतो.

"पाटील, अमक्याचा पोरगा. ओळखता का?"

"न ओळखायला काय झालं? आमच्याच आळीतला."

"काही भानगड?"

"छे हो! पहाटे उठून भरतीसाठी पळतंय ते."

झाली चौकशी. ठाण्याचं रजिस्टर आणि संगणकावरची नोंद पाहायची, 'निरंक' असा शेरा मारायचा आणि अहवाल वर धाडायचा. सगळं मिळून काम अर्ध्या तासाचं. त्या अर्ध्या तासाचा नंबर लागायला कधी आठवडा जातो, कधी महिना. पोरगा महिनाभर ताटकळतो, पण त्यातला जवळजवळ सगळा वेळ त्याची चौकशी चालू नसते. ती सुरूच व्हायची असते. तेव्हा उशिराची कड घेताना 'कसून तपास' वगैरे शब्द कुणी वापरू नयेत.

आणि पोलिस पाटील तरी कोण? १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलिस अधिनियमाखाली नेमलेला सरकारचाच माणूस. त्याने स्वतःच्या शिक्क्यानिशी लिहून दिलेला वर्तणुकीचा दाखला कंपनीच्या एच. आर.ला चालत नाही. तेच त्याने फोनवर सांगितलं आणि ते ठाण्यावरून, पाषाणवरून फिरून आलं, की चालतं. मधल्या प्रवासात संगणकावरच्या नोंदीची भर पडते हे मान्य. पण त्या भरीला महिना लागावा, हे काही केल्या पटत नाही.

पोलिसांना झोडपणं सोपं आहे, म्हणून त्यांची बाजूही बघू. वेल्ह्याकडचं ठाणं म्हणजे डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या, शनिवार-रविवारी राजगड-तोरण्यावर चढणारी शहरातली झुंबड, पावसाळ्यात मढे घाटाकडे सुटलेल्या गाड्या. त्यात गणपती, निवडणुका आणि जिल्ह्यातून जाणाऱ्या पालख्यांचा बंदोबस्त. बंदोबस्ताला नाही म्हणता येत नाही. दाखल्याला मात्र 'उद्या बघू' म्हणता येतं, कारण त्या उद्याची किंमत ठाण्याला मोजावी लागत नाही.

दुसरी अडचण नावांची. आपल्याकडे निम्मं गाव एका आडनावाचं. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही जुळणारी दोन माणसं एकाच शिवारात निघतात. संगणकाने एखाद्या जुन्या गुन्ह्यात ते नाव दाखवलं, की हा तोच का तो दुसरा, हे माणसानेच ठरवायला हवं. इथे वेळ लागला तर तक्रार नाही. उलट घाई केली तर नको ते पाप एखाद्याच्या माथी बसेल. कसून तपास हा शब्द शोभतो तो इथे.

तिसरी अडचण मात्र आपणच पैदा केलेली. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव मिळालं. आनंद आहे. पण राजगड नावाचं पोलिस ठाणं त्याच्या कितीतरी आधीपासून नसरापूरला आहे आणि नसरापूर भोर तालुक्यात! आधार कार्डावर 'ता. वेल्हे', नव्या रहिवासी दाखल्यावर 'ता. राजगड'. आता ऑनलाइन अर्ज भरताना पोराने तालुका राजगड म्हणून ठाणंही राजगडच निवडलं, तर त्याचा अर्ज डोंगर उतरून नसरापुरात जाऊन बसणार. तिथला अंमलदार 'आमच्या हद्दीत नाही' असं लिहिणार, आणि तेही त्याचा नंबर लागल्यावर. नामांतराच्या दिवशी पेढे वाटले, त्याच दिवशी अर्जाच्या पानावर एक ओळीची सूचना टाकायला काय हरकत होती?

सरकारी नोकरी लागली तर याहून मोठी परीक्षा. तिथे साक्षांकन नमुना भरायचा असतो. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे वर्षभराहून अधिक राहिलात, ते सगळे पत्ते त्यात लिहायचे. विंझरचा पोरगा बारावीनंतर धायरीला खोली करून राहिला, मग चाकणला कंपनीत लागला, आणि लॉकडाऊन नाहीतर ले-ऑफमध्ये पुन्हा गावी आला, तर धायरी पुणे शहर आयुक्तालयात, चाकण २०१८ मध्ये सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आणि विंझर पुणे ग्रामीणमध्ये. जिल्हा एक, पोलिस दलं तीन. चाकणच्या घरमालकाने भाडेकरू म्हणून त्याची नोंदच केली नसेल, तर तिथला हवालदार बिचारा कुणाला विचारणार? तीन अहवालांतले दोन आले आणि तिसरा नाही आला, तरी फाइल तशीच. गाडी थांबते ती शेवटच्या डब्यासाठी.

हे झालं उशिराचं कूळ. आता या उशिराचा खर्च कोण भरतं ते बघा. कंपनीचं काही अडत नाही. यादीतला पुढचा उमेदवार तयार असतो. पोलिसांचं अडत नाही. अडतं ते ज्याच्या नावावर एकही नोंद नाही त्याचं. ठेकेदार म्हणतो, दाखला येईस्तोवर हजेरीवर ये. म्हणजे काम तेच, मशीन तेच, पण पगार रोजाने, फंड नाही, आणि उद्या नको म्हटलं तर घरी. निर्दोष माणसाला निर्दोष असल्याचा कागद नाही म्हणून कमी पगार! ज्याच्या नावावर खरंच काही आहे, तो या वाटेला जातच नाही. त्याला दाखला न मागणारे मालक ठाऊक असतात.

याचा अर्थ पडताळणी नको, असा मुळीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. आरोपी ठेकेदारामार्फत आलेला सफाई कामगार होता. शालेय शिक्षण विभागाने त्याच महिन्यात शासन निर्णय काढून शाळेतल्या नेमणुकीआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी बंधनकारक केली. योग्यच केलं. स्कूलबसच्या चालक-मदतनीसांसाठी २०११ चे नियम आहेत, खासगी सुरक्षारक्षकांसाठी २००५ चा कायदा आहे. जिथे मूल, म्हातारं माणूस किंवा दुसऱ्याच्या घराची किल्ली हाती दिली जाते, तिथे आधी पडताळणी आणि मग नोकरी, यात तडजोड नको.

पण अशा वेळी सरसकट फर्मान काढलं की काय होतं, तेही बघून ठेवावं. इंग्लंडमध्ये नेमकी अशीच वेळ आली होती. २००२ च्या ऑगस्टमध्ये सोहम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला आणि गावातल्या शाळेचा केअरटेकर पकडला गेला. देश हादरला. शाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी झाल्याशिवाय त्याला कामावर घ्यायचं नाही, असा हुकूम सुटला. पडताळणी करणारा क्रिमिनल रेकॉर्ड्स ब्युरो त्याच वर्षी सुरू झालेला, खासगी कंपनीच्या मदतीने चालणारा आणि अर्जांच्या ढिगाखाली आधीच गाडला गेलेला. सप्टेंबरमध्ये शाळा उघडायची वेळ आली तर शिक्षकांचे कागद नाहीत. काही शाळा उघडल्याच नाहीत. शेवटी शिक्षणमंत्री एस्टेल मॉरिस यांना आठवडाभरात पाऊल मागे घ्यावं लागलं. बंदी घातलेल्यांच्या जुन्या यादीत नाव नाही ना, एवढं बघून शिक्षकांना वर्गात जाऊ द्या, म्हणून सांगावं लागलं.

त्याहून बोलकं पुढे निघालं. त्या केअरटेकरची पडताळणी झालेलीच होती! २००४ च्या बिचर्ड चौकशीत उघड झालं, की आधी तो ज्या भागात राहायचा तिथल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध लैंगिक गुन्ह्यांच्या अनेक तक्रारी आल्या होत्या, पण त्या नीट नोंदवून ठेवल्याच नव्हत्या. शिवाय तो दोन आडनावं वापरायचा आणि तपासलं गेलं त्यातलं एकच. म्हणजे कागद पुरा, शिक्का जागेवर, आणि माणूस मोकळा. पडताळणीची ताकद नोंदींच्या अचूकपणात असते, दाखला किती दिवस रखडला यात नसते, हे दोन जीव गेल्यावर त्या देशाला उमगलं. आपण ते फुकटात शिकू शकतो.

आपल्या ठाण्यांतल्या नोंदींचं तरी काय? यात्रेत पालखीच्या मानावरून बाचाबाची झाली, बांधावरून भाऊबंद एकमेकांच्या अंगावर गेले, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन गट आमनेसामने आले. पोलिस दोन्हीकडच्या चार-चार पोरांची नावं घेतात. एन. सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, दाखल होते, नाहीतर चॅप्टर केस. पूर्वी तिला '१०७ ची' म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १२६ ची झाली. पोरगा तहसील कचेरीत उभा राहतो, शांतता राखीन म्हणून बंधपत्र लिहून देतो आणि विसरून जातो. शिक्षा नाही, दंड नाही, मग गुन्हा कसला, असं त्याला वाटतं आणि ते खोटंही नाही. पुढे साक्षांकन नमुन्यात प्रश्न येतो: कधी अटक झाली का, खटला चालला का, बंधपत्र घेतलं गेलं का, दंड झाला का? सगळं एका दमात. तो सगळ्यांपुढे 'नाही' लिहितो. अन् त्याच कागदाच्या डोक्यावर छापलेलं असतं, की खोटी माहिती दिल्यास किंवा माहिती दडवल्यास अपात्र ठरवलं जाईल. भांडण राहतं बाजूला, त्याला भोवतं ते 'नाही'.

यावर सर्वोच्च न्यायालय बोललेलं आहे, आणि एकदा नव्हे. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबलच्या जागेसाठी १९९९ मध्ये अर्ज केलेल्या एका उमेदवाराने विशीतल्या मारामारीचा खटला लिहिला नव्हता. खटला तडजोडीने मिटून तो सुटलाही होता. त्याची उमेदवारी रद्द झाली. २०११ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देताना व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ वालज्याँची आठवण काढली, पाव चोरला म्हणून जन्मभर चोर ठरलेल्या माणसाची. पुढे २०१६ मध्ये 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी रीतसर कसोट्या घालून दिल्या: प्रकरण क्षुल्लक होतं का, पद कोणतं आहे, फॉर्ममधला प्रश्न स्पष्ट होता का, हे बघून मालकाने निर्णय घ्यावा, डोळे मिटून काढून टाकू नये. निकाल चांगलेच आहेत. फक्त १९९९ च्या अर्जाला २०११ चा न्याय मिळाला, तोवर त्या विशीतल्या पोराची भरतीची वयोमर्यादा कुठल्या कुठे गेली असती, हे सांगायला नको. आणि विंझरहून दिल्ली किती लांब, तेही.

विलंबाला औषध म्हणून आपल्याकडे कायदाही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. खात्याने सेवा आणि मुदत जाहीर करावी, फलकावर लावावी. मुदत पाळली नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. कागदावर झकास. पण ज्या ठाण्याकडून आपल्या चारित्र्याचा दाखला घ्यायचा, त्याच ठाण्याविरुद्ध अपील करायची छाती कुणाची होणार? घरचे आधी म्हणतील, बाबा, राहू दे, उगीच डोळ्यावर येशील. रेशनकार्डाला उशीर झाला तर माणूस भांडतो, इथे गप्प बसतो. म्हणून ही एक सेवा अशी आहे, की तिची मुदत अर्जदाराच्या भांडखोरपणावर सोपवून चालणार नाही. ती आपोआप पाळली जाईल अशीच सोय हवी.

अशी सोय दुसऱ्या एका खिडकीवर आहेच. पासपोर्टची पडताळणीही हेच पोलिस करतात, हाच अंमलदार, हेच पाटील. तिथे केंद्राने हिशेब सरळ ठेवला: २१ दिवसांत अहवाल आला तर प्रत्येक अर्जामागे पोलिस खात्याला १५० रुपये, मुदत टळली तर ५०. पासपोर्टचा अहवाल गठ्ठ्यात वर का असतो, हे कळायला अर्थशास्त्र नको. शिवाय तत्काळमध्ये पासपोर्ट आधी हातात पडतो आणि पोलिस मागाहून येतात. २०१६ मध्ये तर आधार, पॅन, मतदार ओळखपत्र आणि 'माझ्यावर गुन्हा नाही' असं शपथपत्र देणाऱ्याच्या साध्या अर्जालाही ती सवलत मिळाली. म्हणजे शपथपत्रावर विश्वास ठेवून हे सरकार माणसाला देशाबाहेर जाऊ देतं, आणि आपण मात्र त्याच माणसाला दाखला आल्याशिवाय शिरवळला खोकी भरू देत नाही!

तेव्हा करायचं ते फार अवघड नाही. मुलांच्या आणि घराच्या सुरक्षिततेशी ज्या नोकऱ्यांचा संबंध आहे, त्यांचे अर्ज गठ्ठ्यात वेगळे काढावेत आणि आधी तपासावेत. ठाण्यातलं अपुरं मनुष्यबळ तिथे लावावं. बाकीच्यांना शपथपत्रावर कामाला लावावं, पूर्ण पगारावर, हजेरीवर नव्हे. पडताळणी मागाहून होऊ द्यावी आणि शपथपत्र खोटं निघालं तर नोकरी जाईल, एवढं नियुक्तिपत्रात लिहावं. भरतीच्या पोरांनीही एक करावं: साक्षांकन नमुन्यात १०७ असो की एन. सी., जे असेल ते लिहून मोकळं व्हावं. लिहिलेल्या भांडणाने जातात त्यापेक्षा लपवलेल्या भांडणाने जास्त नोकऱ्या जातात.

आणि दाखला ज्याला हवा, त्यानेच तो मागवावा. कायद्याने सांगितलेलं नसताना निव्वळ सवयीने पोलिसांचा कागद मागणाऱ्या कंपन्या कमी नाहीत. अशा कंपनीने आपल्या नावाने अर्ज करावा, पासपोर्टसारखी फी पोलिसांकडे स्वतः भरावी, मुदतीत आला तर पूर्ण, टळला तर कमी, आणि वाट बघायची ती कंपनीने बघावी. तसा नियम झाला, तर खोकी भरणाऱ्याला चारित्र्याचा दाखला लागतोच का, यावर कंपनीचा अकाउंट विभाग त्याच दिवशी बैठक बोलावील.